हरकत नाही

आमच्या घरी एक लोखंडी पेटी आहे. आजोबांची. तिच्यात घरातले सगळे कागद राहतात. सगळ्यात खाली मोडीतला एक सावकारी कागद, त्यावर आजोबांचा अंगठा. त्याच्या वर मालगुजारीच्या काळातल्या पावत्या, मग खसऱ्याची नक्कल, मग सातबारे, आणि सगळ्यात वर पिवळी पडलेली १९७५ सालची एक नोटीस. या पेटीत चार पिढ्यांची जमीन आहे असं माझी माय म्हणायची. मला मात्र आताशा वाटते की तिच्यात चार पिढ्यांचं न समजणं आहे. कारण यातला एकही कागद ज्याच्या नावाचा होता त्याला स्वतःला वाचता आला नाही, आणि जो आला तो समजला नाही.

नोटिशीपासूनच सुरू करतो, कारण तीच अजून सलते.

मी तेव्हा नववीत होतो. काटोल तालुक्यात आमचं सात एकर. त्यातलं तीन एकर तलावात जाणार होतं. कोतवालानं नोटीस आणून दिली. बाबांना सही पुरतं लिहिता यायचं. त्यांनी मला ओसरीत बसवलं आणि म्हणाले, "वाच." मी वाचली. शाळेत माझं वाचन चांगलं होतं, गुरुजी मला पुढं उभं करून धडा वाचायला लावत. तशीच धडाधड वाचली. हितसंबंधित व्यक्ती, उपरोक्त गट, तपशिलात नमूद केल्याप्रमाणे जिरायत, आणि शेवटी असं काहीतरी की विहित मुदतीत म्हणणे प्राप्त न झाल्यास आपली हरकत नाही असे समजण्यात येईल.

बाबांनी विचारलं, "काय म्हनते कागद?"

मी म्हणालो, "हरकत नाही म्हनते, बाबा."

"अन् हे जिरायत काय हाय?"

"असन काही. सरकारी शब्द हाय."

बाबांनी कागद घडी करून पेटीत ठेवला. आपल्या बोलण्यात हरकत नाही म्हणजे काही अडचण नाही, चालते. सरकारनंच कळवलं की हरकत नाही, मग आपण कायले घाबरायचं? मुदत निघून गेली. पैसे हाती आले तेव्हा समजलं की तीन एकर कोरडवाहू धरलं आहे. त्या तीन एकरात दोन वर्षांपूर्वी खोदलेली विहीर होती, बांधलेली, आणि साठ संत्र्याची झाडं होती. मोजणीच्या तपशिलात ती आलीच नव्हती. मोजणीबद्दल तक्रार करायची असेल तर अमुक तारखेच्या आत लिहून द्या, एवढंच तो कागद सांगत होता. ते सांगायला त्याला दीड पान लागलं, आणि दीड पान वाचून मला ते समजलं नाही.

ज्या बाबूनं ती नोटीस लिहिली त्याचा मला राग नाही. त्यानं नमुन्यातला मजकूर उतरवला. जमीन घेण्याचा कायदा तेव्हा १८९४ सालचा, इंग्रजाच्या काळातला. इंग्रजी वाक्याची जशी वळणं तशीच मराठीत आणली, म्हणून कर्ता एका टोकाला आणि क्रियापद चार ओळी खाली. पण जिरायत या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. तो शब्द समजायला मला पुढं बरीच वर्षं लागली. एका लग्नात नगरकडचे एक पाहुणे भेटले, शेतकरीच. बोलता बोलता म्हणाले, आमची सगळी जिरायत. मी दचकलो. विचारलं तर म्हणाले, अहो जिरायत म्हणजे पावसावरची. त्यांच्या घरात लेकराबाळांच्या तोंडी असलेला शब्द! आमच्याकडं त्याला कोरडवाहू म्हणतात, आणि पाण्याखालच्या जमिनीला ओलित. म्हणजे त्या नोटिशीत एकही शब्द तसा अवघड नव्हता. कुठं ना कुठं तो सोपाच होता. फक्त आमच्या ओसरीत नव्हता.

हे असं का झालं याचा शोध घेताना मला इतिहासात शिरावं लागलं. दहावीच्या पुढं शाळा झाली नाही, पण गावच्या वाचनालयातली आणि नंतर नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेली पुस्तकं वाचली. जे समजलं ते आपल्या पद्धतीनं सांगतो.

आमचा मुलूख भोसल्यांचा. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, गादीला वारस नाही असं म्हणून इंग्रजांनी पुढच्या साली राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. मग बंदोबस्त झाले, मालगुजारांना गावाची मालकी मिळाली, आणि कागदांची एक नवी भाषा आली. ती भाषा ना पूर्ण मराठी, ना पूर्ण हिंदी. सीर, खुदकाश्त, खसरा, जमाबंदी, निस्तार, वाजिब-उल-अर्ज. हे शेवटचं नाव ऐकून हसू येते, पण ते भारी कामाचं पुस्तक. गावच्या पाण्यावर कोणाचा हक्क, कोणत्या शेतातून कोणाची वाट, तलावात मासे कोणी धरायचे, हे सगळे रिवाज त्यात लिहिलेले असतात. निस्तारपत्रकात जनावरं चारायची जागा, सरपण कुठून आणायचं, हे असते. म्हणजे गरीब माणसाचं सगळं जगणं ज्या दोन कागदांत होतं, त्यातल्या एकाचं नाव फारशी, तेही असं की उच्चारताना जीभ अडखळावी.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. १९५६ पर्यंत आम्ही मध्यप्रदेशात, नागपूर त्याची राजधानी. मग द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. एकाच माणसानं एकाच बांधावर उभं राहून दहा वर्षांत तीन राज्यं पाहिली. दर राज्यासोबत कागद बदलला. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसुलाचा कायदा आला तरी निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज त्यात राहिले, विदर्भासाठी. गंमत पाहा. निस्तार हा शब्द आमच्या गावात गुराख्यालाही माहीत, पुण्याच्या वकिलाला समजावून सांगावा लागतो. आणि जिरायत पुण्याकडं सगळ्यांना माहीत, माझ्या बाबांना नाही.

महाराष्ट्र झाल्यावर सरकारनं भाषा संचालनालय काढलं, पदनाम कोश केला, १९६४ मध्ये राजभाषेचा कायदा केला. कारभार मराठीत आणायचा हा हेतू सोन्यासारखा होता. इंग्रजीत आलेला कागद बाबांनी वाचून घेण्यासाठी तालुक्याला नेला असता, एवढं तरी खरं. पण इंग्रजी काढून जे शब्द बसवले ते पुष्कळसे संस्कृतातून घडवलेले. असं पहिल्यांदाच झालं असंही नाही. शिवाजी महाराजांच्या काळात फारशी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला होता. राज्य आपलं तर भाषा आपली, हा विचार त्या काळात केवढा मोठा! पण लोकांनी त्यातले थोडे घेतले, बाकीचे राहू दिले. आजही आपण जमीन, कागद, अर्ज, वकील, सरकार हेच म्हणतो आणि हे सगळे शब्द बाहेरून आलेले आहेत. यावरून मी एक शिकलो. शब्दाची जात पाहू नये. तो कुठून आला याला काही अर्थ नाही. रोज तोंडात असला की सोपा, नसला की कठीण. फारशी असून 'अर्ज' सोपा आणि मराठी असून 'निर्गमित' कठीण.

महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. अडाणी शेतकऱ्याला कागदोपत्री कसं नागवतात ते त्यात बारीकसारीक आलं आहे. मी ते पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेटीतला मोडी कागद बाहेर काढून पुन्हा पाहिला. नागपूरच्या एका जाणकाराकडून वाचून घेतला. आजोबांनी नव्वद रुपये घेतले होते. त्यांचं म्हणणं जन्मभर साठच घेतले असं होतं. कोण खरं ते आता कोणाला सांगता येत नाही. अंगठा मात्र त्यांचाच.

आता जरा मागं जातो, पार सातशे वर्षं मागं, कारण या गोष्टीचं मूळ आमच्या विदर्भातच आहे.

काटोलवरून जलालखेडा, वरुड, मोर्शी असं एसटीनं गेलं की पुढं रिद्धपूर लागते. संत्र्याचाच मुलूख. तिथं गोविंदप्रभू राहिले. त्यांचे शिष्य चक्रधरस्वामी. चक्रधर मूळचे गुजरातचे, राजघराण्यातले असं पंथ सांगतो. पण इथं आल्यावर ते मराठीत बोलले, आणि ज्यांच्याशी बोलले त्यांत बाया होत्या, म्हाताऱ्या होत्या, जातीपातीनं खाली मानलेले होते. त्यांच्या मागं पंथ नागदेवाचार्यांनी सांभाळला. त्यांच्याभोवती मोठमोठे संस्कृत पंडित होते. त्यांतले एक केशवराज, ज्यांना केसोबास म्हणतात. त्यांना संस्कृतात ग्रंथ लिहायचा होता. 'स्मृतिस्थळ' या जुन्या पोथीत प्रसंग आहे: नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. कारण काय सांगितलं, तर तसं केलं तर माझ्या म्हाताऱ्या यातून वगळल्या जातील, त्यांचं लुटलं जाईल. आणखी एकदा कोणी संस्कृतातून प्रश्न विचारला तर त्यांनी सांगितलं की मला स्वामींनी मराठीत शिकवलं, तुम्हीही मराठीतच विचारा.

मला या गोष्टीत एक फार आवडते. त्यांनी भाषेचा अभिमान वगैरे काही काढला नाही. संस्कृत वाईट, मराठी थोर, असं म्हटलं नाही. ऐकायला समोर कोण बसलं आहे, एवढंच पाहिलं. म्हाताऱ्या बसल्या आहेत, तर म्हाताऱ्यांना समजेल असं लिहा. आणि न समजणाऱ्या लिहिण्याला त्यांनी चूक म्हटलं नाही, लूट म्हटलं. माझ्या बाबांची विहीर गेली तेव्हा हाच शब्द मला हवा होता.

पुढं याच केसोबासांनी चक्रधरांचे दृष्टांत मराठीत गोळा केले. त्यात आंधळे आणि हत्तीची गोष्ट आहे. कोणी पाय चाचपतो, कोणी कान, आणि जो तो आपलंच खरं म्हणतो. ही गोष्ट माझ्या आजीला येत होती. तिनं पोथी कधी हातात धरली नव्हती. सोपं लिहिलेलं असं कागदातून निघून पायानं चालत जाते.

त्याच काळात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' लिहिलं, रिद्धपुरातच, तेराव्या शतकाच्या शेवटी. चक्रधर गेल्यावर त्यांच्या सोबत राहिलेल्या माणसांकडं जाऊन जाऊन आठवणी विचारल्या, ज्यानं जे पाहिलं ते त्याच्याकडून घेतलं. मराठी गद्यातलं हे पहिलं मोठं पुस्तक मानतात. मी विकत आणलं तेव्हा भीत भीतच उघडलं. शब्द जुने, त्यामुळं पहिली पानं जड गेली. पण वाक्य? वाक्य लहान. कोण आलं, काय म्हणालं, स्वामी काय म्हणाले, मग काय झालं. दहा-बारा पानांनंतर कानाला सवय झाली आणि मग माझी गाडी निघाली. सातशे वर्षांपूर्वीचं लिहिणं मला समजत होतं आणि १९७५ ची नोटीस समजली नव्हती.

खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली असं परंपरा सांगते. मग ज्यांना पाठ होतं त्यांनी आठवून आठवून पुन्हा लिहिलं. माझ्या मनात येते की ती वाक्यं दीड-दीड पानाची असती तर कोणाला आठवली असती?

आता यातली उलटी गोष्टही सांगायला पाहिजे, नाहीतर मी एकाच बाजूचं बोलतो असं व्हायचं. एवढं साफ लिहिलेलं वाङ्मय पुढच्या महानुभावांनी सांकेतिक लिपीत घातलं. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा कितीतरी लिप्या. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. पोथ्या परक्याच्या हाती पडू नयेत, पावित्र्य राहावं, म्हणून. झालं असं की सहाशे वर्षं ही मराठी मराठी माणसालाच वाचता आली नाही. म्हाताऱ्यांसाठी लिहिलेलं कुलपात गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांनी आणि यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी ते कुलूप उघडलं. नागपूरच्या ह. ना. नेन्यांनी लीळाचरित्र छापून काढलं, वि. भि. कोलत्यांनी त्याच्या मागं हयात घालवली. म्हणजे लिहिणं सोपं असून भागत नाही, ते हातीही लागलं पाहिजे. आजचे सरकारी कागद पाहिले की मला कधीकधी वाटते, सकळ लिपी कुठं गेली नाही.

आमच्या भागात सोपं बोलण्याची वाट मात्र कधी मोडली नाही. गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारत आणि लोक उत्तर देत, सगळं वऱ्हाडीत. तुकडोजी महाराजांनी खंजिरी घेतली, आणि १९५५ मध्ये एकेचाळीस अध्यायांची 'ग्रामगीता' दिली. तिच्यात गाव कसं झाडायचं, संडास कसे, लग्नात खर्च किती, हे ओव्यांत आहे. शिकलेले लोक म्हणायचे की यात काव्य कमी. असेल. पण आमच्या गावात सायंप्रार्थनेनंतर ती वाचली जायची आणि दुसऱ्या दिवशी कोणी ना कोणी खराटा घेऊन निघायचा. १९२३ सालचं नागपूर विद्यापीठ, आज त्याला तुकडोजी महाराजांचंच नाव आहे. आणि १४ ऑक्टोबर १९५६. नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली. जगातल्या मोठ्या विद्यापीठांत शिकलेला, राज्यघटना लिहिण्यात पुढं असलेला माणूस. त्यानं लाखोंच्या पुढं बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत, छोट्या छोट्या वाक्यांत, मी हे करणार नाही, मी ते करीन, अशा. आमच्या गावची एक बाई पायी-गाडीनं तिथं गेली होती. अक्षरओळख नव्हती. म्हातारपणी तिला शेजारची नावं आठवत नव्हती, पण प्रतिज्ञा क्रमानं म्हणायची. एकही गाळायची नाही.

सोपं लिहिणं म्हणजे अडाण्यासाठी पातळ करून लिहिणं, असं ज्यांना वाटते त्यांना मी ही बाई दाखवली असती.

पण मी स्वतःही शहाणा नव्हतो. पहिला लेख लिहिला तो बांधबंदिस्तीवर. त्यात मृदासंधारण, जलपुनर्भरण, भूपृष्ठ, असे शब्द ठासून भरले, म्हणजे दहावी शिकलेला आहे हे दिसू नये. बायकोला वाचून दाखवला. ती तूर निवडत होती. म्हणाली, "हे कोनासाठी लिवलं?" मी म्हणालो, शेतकऱ्यांसाठी. "मंग मले काऊन नाही समजलं?" रात्री परत लिहिला. पावसाचं पाणी पळते, त्याला चालायला लावा, चालते त्याला थांबवा, असं काहीसं. लेखाची लांबी निम्मी झाली. जे गेलं ते काय होतं म्हणून पाहिलं तर माझी भीतीच होती सगळी. ज्याला विषय पक्का माहीत नसतो तो जड शब्दाच्या आड लपतो, आणि ज्याला अंगावर जबाबदारी नको असते तोही. समजण्यात येईल, गृहीत धरण्यात येईल. कोण समजणार? कोण धरणार? त्या वाक्यात माणूसच नाही. भांडायचं कोणाशी?

हे केवळ जमिनीच्या पैशापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. त्याची कारणं पुष्कळ होती, मी त्यात पडत नाही. पण त्या दिवाळीत मी घरातल्या डब्या काढून पाहिल्या. डबीवर चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विष किती जहाल ते सांगतो. लाल सगळ्यात वाईट, मग पिवळा, निळा, हिरवा. इतकी वर्षं फवारतो आहे, मला लाल सोडून बाकीचं माहीत नव्हतं. आणि मी तर वाचणारा माणूस. सोबतच्या घडीच्या कागदावर मुंगीएवढी अक्षरं, त्यात आपलीही भाषा शोधली तर सापडते. भिंग लावून वाचलं. गड्याला काय करायला सांगायचं ते तीन वाक्यांत बसत होतं: वाऱ्याकडं तोंड करून मारू नको. फवारताना खाऊ-पिऊ नको, तंबाखूसुद्धा नाही. डोकं गरगरलं की थांब, आणि डबी घेऊनच दवाखान्यात जा. खपटावर कोळशानं लिहून मी ते पंपाच्या खोलीत टांगलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना रोज सकाळी बोलून सांगतो. गडी हसतात. हसू द्या.

बाबा १९९८ साली गेले. नोटिशीबद्दल ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत. फक्त त्यानंतर कोणताही कागद आला की माझ्याकडून पूर्ण वाचून घेत, आणि मग म्हणत, "आता कागद खाली ठेव अन् तुह्या बोलीत सांग." मला सांगता आलं नाही तर कागद पेटीत जात नसे. तो सदऱ्याच्या खिशात घेऊन ते तालुक्याला जात, सांगणारा भेटेपर्यंत बसून राहत. कधी दोन खेपा, कधी चार.

मे महिन्यात तलाव आटला की विहिरीचं बांधलेलं तोंड अजून चिखलातून वर दिसते. दगड चांगला होता.

आता गावची पोरं माझ्याकडं कागद घेऊन येतात. विम्याचे, कर्जाचे, पांदणीच्या मोजणीचे. शिकलेली पोरं आहेत, कोणी बारावी, कोणी पदवी. परवा एक आला, मोबाईलवर आलेला कागद दाखवला. मी म्हणालो, वाच. त्यानं धडाधड वाचला. मी म्हणालो, आता फोन खिशात ठेव आन् सांग. तो गप्प झाला. मग आम्ही दोघं ओसरीत बसलो आणि एक एक वाक्य घेतलं. क्रियापद शोधायचं, मग कोणी करायचं ते शोधायचं, मग कधीपर्यंत. पाऊण तास लागला. तारीख सोमवारची निघाली, त्या दिवशी शुक्रवार होता.